दुसऱ्या मजल्यावर न पोहोचलेल्या चिठ्ठ्या

तुमच्या घरातलं माणूस शेवटचं कधी दवाखान्यातून सुटून आलं? त्याच्या डिस्चार्ज कार्डावर आजार कशामुळे झाला, हे लिहिलेलं होतं का? तुम्ही वाचलंत का, की कार्ड घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत सरकवून दिलं?

नाना, हा प्रश्न तुमचा आहे. दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही तो मला विचारलात आणि मी नाही म्हणाले, कारण माझ्या बापाचं कार्ड मी वाचलं नव्हतं. पत्रकं वाचत वाढलेली मुलगी, आणि बापाच्या आजाराचा एक कागद वाचलेला नाही. तुम्ही टोमणा मारला नाहीत. एवढंच म्हणालात, "आता वाचशील. आता तुझं कामच ते."

परवा तुमचं तेरावं झालं. पंगत उठल्यावर काकूंनी मला आत बोलावलं आणि माझा हात धरून म्हणाल्या, "तू लिहिणारी आहेस. यांच्यावर लिही काहीतरी. चांगलं लिही." मी हो म्हणाले. नाना, चांगलं म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. खरं लिहायचं, इतकं मात्र ठरवलंय.

तुमचा चेहरा मी ओळखत नव्हते तेव्हापासून तुमची वाक्यं ओळखत होते. माझा बाप पारोळ्याला सायकलच्या दुकानात काम करायचा आणि रविवारी बाजारात पत्रकं वाटायचा. मजकूर धुळ्याहून यायचा, तुमचा. पाण्याच्या टाकीवर, रेशनच्या रॉकेलवर, सरकारी दवाखान्यात नसलेल्या डॉक्टरवर. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे होते. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. "गप्प बसणारा हा अर्धा गुन्हेगार असतो," हे तुमचं वाक्य मी दुसरीत असताना शाळेच्या फळ्यावर लिहिलं होतं. मार खाल्ला होता त्याबद्दल. अजून आठवतं, उजव्या हातावर.

म्हणून सांगते, माझा राग नवा नाही. तो तुम्हीच शिकवलेला आहे.

आपलं काम काय, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. रुग्ण घरी गेला की त्याची फाईल खाली येते, एक्स-रेच्या मागच्या आपल्या खोलीत. डॉक्टरांनी काय लिहिलंय ते आपण वाचतो आणि त्या आजारासाठी जगभर ठरलेला एक क्रमांक त्यावर टाकतो. तो क्रमांक विम्याला जातो, सरकारला जातो. कुठल्या तालुक्यात कशानं माणसं आजारी पडतायत, हे त्यावरून ठरतं. यात एक नियम आहे. समोर कितीही स्पष्ट दिसलं तरी डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर आपण ते टाकायचं नाही. "डॉक्टरनी लिखं नही, ते आपन देखं नही," तुम्ही अहिराणीत म्हणायचात, आणि बोट वर करायचात. शंका असली तर चिठ्ठी लिहायची. चिठ्ठी विभागप्रमुखाकडे द्यायची. प्रमुख ती दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरांकडे नेणार, उत्तर आणणार. प्रमुख तुम्ही होतात.

तुम्ही मला सगळ्यात आधी एका क्रमांकाचा तिरस्कार करायला शिकवलंत. के छप्पन्न पूर्णांक सहा. आतड्यातला अडथळा, कारण नमूद नाही. पोट अडण्याला शंभर कारणं असतात. जुन्या ऑपरेशनचे आतले चिकटे, क्षय, गाठ, पीळ, गिळलेलं काहीतरी. कारण न लिहिलेली अशी सगळी पोटं या एका क्रमांकात जाऊन पडतात. तुम्ही त्याला कोंडवाडा म्हणायचात. "ज्या जनावराचा धनी सापडत नाही, ते इथे आणून बांधायचं," असं म्हणत एक फाईल माझ्यापुढे सरकवलीत, "आणि आपलं काम धनी शोधायचं." त्या दिवशी मला वाटलं, बापाची पत्रकं आणि ही फाईल एकच काम करतायत. घरी जाताना धुळे-पारोळा बसमध्ये मी उभी होते आणि खूश होते.

मग रेलीबाई आली. म्हणजे तिची फाईल आली, आणि फाईलमागे तिचा नवरा जामसिंगदादा आपल्या खिडकीशी आला, झेरॉक्स मागायला. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. गेल्या वर्षीचा उन्हाळा. फाईलवर लिहिलं होतं, "पोटातील अडथळा. शस्त्रक्रियेने दूर केला." बस, इतकंच. मी त्याला सहज विचारलं, "काय निघालं दादा पोटातून?"

"गोया निंघना. डॉक्टरनी दखाडा माले." त्यानं मूठ वळून दाखवली. "टेंभुर्णीना गोया. बिया दिसत व्हत्यात नं त्यामा."

"टेंभुर्णी खाऊन?"

"आम्ही पानं तोडाले जातस नं डोंगरमा. भूक लागनी का तेच खातस. ती एकलीच नही, बठ्ठा खातस."

विडीची पानं तोडायचा हंगाम आणि टेंभुर्णी पिकायचा हंगाम एकच. पहाटे निघालेली बाई दुपारपर्यंत उपाशी, झाडाखाली पिवळी फळं पडलेली. त्या तुरट फळाचा उपाशी पोटात गोळा बसतो आणि पुढे जाऊन आतड्यात अडकतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण मुठीएवढा गोळा आणि त्यातल्या बिया एवढं ऐकून कुणालाही कळेल.

मी वळून तुम्हाला विचारलं, "नाना, मी सांगू का त्याला, बाईला पुन्हा ते फळ देऊ नका म्हणून?"

तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "तू डॉक्टर शे का?"

"नाही, पण..."

"आपण सल्ले द्यायला लागलो तर उद्या एक्स-रेवाला गोळ्या वाटेल. चिठ्ठी टाक. डॉक्टर लिहितील, कार्डावर येईल, कार्ड घरी जाईल. रस्ता हा असा शे."

मी चिठ्ठी लिहिली. "अडथळा कशाचा होता? गोळा काढला असल्यास तो कशाचा, ते नमूद करावे. आहाराबाबत कार्डावर सूचना द्यावी." तुम्ही ती खिशात घालून गेलात. जामसिंगदादा बाकावर बसून राहिला. वीस मिनिटांनी तुम्ही परत आलात, दारातच थांबलात, पेन शर्टाच्या खिशाला अडकवलंत, हनुवटी वर केलीत आणि पोटाच्या डॉक्टरांच्या आवाजात म्हणालात, "त्या मॅडमला सांगा, पोट मी उघडलंय. त्यांनी फाईल उघडावी."

मी पेटले. तुम्ही हसलात. डब्यातली अर्धी कळण्याची भाकरी माझ्यापुढे केलीत आणि म्हणालात, "खा. रिकाम्या पोटी राग करू नही." जामसिंगदादा तेच कार्ड घेऊन चारच्या गाडीनं गेला. फाईलवर कोंडवाड्याचा क्रमांक पडला. मी टाकला, माझ्या हातानं.

त्यानंतर किती चिठ्ठ्या लिहिल्या मी. प्रत्येकीत एकच शब्द, कशामुळे? आणि प्रत्येक वेळी तुम्ही वरून काहीतरी घेऊन यायचात. "कोडिंगवाल्यांनी आतडं कधी पाहिलंय का?" "लिहितो म्हणावं, मेलो नाही अजून." "ती चिठ्ठीवाली मुलगी का नाना? लग्न करून टाका तिचं." दर वेळी तोच आवाज, तीच हनुवटी. आपण त्या माणसाचं नावच "दुसरा मजला" ठेवलं होतं. आज दुसरा मजला काय म्हणाला, नाना? आणि तुम्ही सुरू व्हायचात. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. शत्रू इतका स्पष्ट दिसणं किती सोयीचं असतं.

मग मी पत्रक लिहिलं. दुसरं काय करणार? "दुसरा मजला कधी बोलणार?" असा मथळा. नाव कुणाचं नव्हतं, पण दवाखान्यात पोटाचे डॉक्टर एकच. मी मजकूर तुम्हाला दाखवला. तुम्ही तो दोनदा वाचलात. मी लिहिलं होतं, "निष्काळजी डॉक्टर." तुम्ही लाल पेनानं "निष्काळजी" खोडलंत आणि वर लिहिलंत, "बेपर्वा."

"निष्काळजी मवाळ पडतं," म्हणालात. "लिहायचं तर पुरतं लिही."

नाना, तो लाल शब्द माझ्याकडे अजून आहे. हस्तलिखित मी जपून ठेवलंय. तुम्ही माझं पहिलं पत्रक तपासून दिलंत म्हणून ठेवलं होतं.

पार्किंगमधल्या गाड्यांच्या वायपरखाली आपण दोघांनी प्रती अडकवल्या. तुम्ही डावीकडची रांग घेतलीत, मी उजवीकडची. डॉक्टरांची गाडी तुमच्या रांगेत होती.

यंदाच्या उन्हाळ्यात रेलीबाई पुन्हा आली. तोच हंगाम, तसंच पोट. या वेळी आतड्याचा एक तुकडा कापावा लागला. सुटी झाली त्या दिवशी ती आपल्या खिडकीसमोरच्या बाकावर बसली होती, भिंतीला डोकं टेकून. दोन्ही हातांनी पोट धरलेलं, पोट दुसऱ्या कुणाचं असावं तसं. मी बाहेर जाऊन तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, "पुन्हा टेंभुर्णीच खाल्ली का हो?"

तिनं मान वळवली. "कोणीच सांगं नही वं बहीन. सांगं असतं तं काय बरं खाती मी?"

त्या दिवशी मी नियम मोडला. मीच तिला सांगितलं, जामसिंगदादालाही सांगितलं. तो म्हणाला, "आम्ही नही खावाव. पन गावले कोन सांगी? मनं कोन ऐकी? डॉक्टरनं लिखेल पाहिजे." बरोबर होतं त्याचं. जो आजार कागदावर नाही, त्यासाठी आरोग्य केंद्रातली नर्स पाड्यावर जात नाही. आत आले तेव्हा तुमची मान फाईलमध्ये होती. तुम्ही मला अडवलं नाहीत, रागावलाही नाहीत. मला वाटलं, तुम्हीही माझ्यासारखे संतापलायत. मी चिठ्ठी लिहिली आणि जवळजवळ फेकलीच तुमच्यापुढे. तुम्ही गेलात आणि आलात. त्या दिवशी नक्कल केली नाहीत. "लिहितो म्हणाले," इतकंच.

त्यानंतर तुमचा डबा भरलेला परत जाऊ लागला. शर्ट खांद्यावरून उतरायला लागले. तुम्ही दुपारी सोडा प्यायचात आणि ढेकर देऊन म्हणायचात, ॲसिडिटी. एकदा सकाळी मोरीतून तुमच्या ओकारीचा आवाज आला आणि तुम्ही तोंड पुसत बाहेर आलात. मी विचारलं, "नाना, ओकारीत रात्रीचं जेवण न पचता तसंच पडतं का?" हे वाक्य आपण रोज फायलींत वाचतो. जठराचं खालचं तोंड बंद होत आलं की पहिलं लक्षण तेच असतं, हे मला तुम्हीच शिकवलं होतं.

"तू डॉक्टर शे का?" तुम्ही म्हणालात.

एक दिवस रजा टाकून जळगावला गेलात. भाचीचं लग्न. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी भरताची वांगी घेऊन आलात, पिशवीभर, हिरवी, मोठाली. मी म्हटलं, "लग्नाहून कुणी वांगी आणतं का नाना?" "आमच्याकडं आणतस," म्हणालात. घरी भरीत केलं, बाप दोन भाकरी जास्त जेवला. हे मी कशाला सांगतेय? कारण ती वांगीही आता मला पचत नाहीत.

शेवटी तुम्हाला ॲडमिट केलं. स्ट्रेचरवरून दुसऱ्या मजल्यावर. मी भेटायला आले ती मान खाली घालून, डॉक्टर समोर येऊ नयेत म्हणून. तुमच्या नाकात नळी होती. तुम्ही म्हणालात, "पत्रकवाली, मनी फाईल तूच कर. नीट कर." मी म्हटलं, "कसली तुमची फाईल, घरी जाल आठ दिवसांत." तुम्ही तोंड उघडलंत, काहीतरी बोलायला. नर्स आली, भेटीची वेळ संपली. तुम्ही काय बोलणार होतात, यावर मी गेले काही दिवस भांडतेय तुमच्याशी. कधी वाटतं, कबूल करणार होतात. कधी वाटतं, आणखी एक नक्कल करणार होतात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही गेलात.

चौथ्या दिवशी तुमची फाईल माझ्या टेबलावर आली. "जठराच्या तोंडाशी अडथळा." पुढे कारण नाही. माझ्या हातानं आपोआप चिठ्ठी लिहिली, कशामुळे? आणि आपोआप ती तुमच्या ट्रेमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तिथेच होती. तेव्हा लक्षात आलं, न्यायला कुणी नाही. मी ती उचलली आणि जिना चढले.

डॉक्टरांची खोली लहान आहे. टेबलावर साय धरलेला चहा होता. त्यांनी चिठ्ठी घेतली, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची.

"हे काय आहे?"

"क्वेरी आहे सर. नेहमीची."

"नेहमीची म्हणजे? मला अशी चिठ्ठी कधी आलेली नाही."

"नाना आणायचे ना सर. दर आठवड्याला."

"नाना?" त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "मी इथे आल्यापासून ते या खोलीत आलेले नाहीत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पेशंट म्हणून."

 त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक घडी घातलेला कागद बाहेर काढला. माझं पत्रक. "हे मात्र पोहोचलं होतं. तुमचंच ना?" "बेपर्वा" या शब्दाखाली पेन्सिलची रेघ होती. "मला वाटायचं, हे लिहिणारं माणूस एक दिवस वर येईल. भांडेल. मी वाट पाहत होतो म्हणा."

मी तरीही विचारलं. बापानं शिकवलंय, समोर कुणीही असलं तरी विचारायचं. "रेलीबाईच्या पोटातून टेंभुर्णीचा गोळा निघाला. तुम्ही नवऱ्याला दाखवलात. मग लिहिलं का नाही?"

"चुकलं," ते म्हणाले. इतकं सरळ. "नोट ज्युनिअरनं लिहिली, मी न वाचता सही केली. ते माझंच चुकलं. पण कुणी विचारलं असतं तर दोन शब्द लिहायला मला किती वेळ लागला असता?"

मी खाली आले. तुमच्या ड्रॉवरची किल्ली शिक्क्याच्या पॅडखाली असते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी कधी हात लावला नव्हता. आत माझ्या चिठ्ठ्या होत्या. सगळ्या. तारखेप्रमाणे लावलेल्या, रबरबँड घातलेल्या, प्रत्येकीवर आपल्या विभागाचा "प्राप्त" असा शिक्का. फाडून टाकल्या असत्यात तर मला फक्त डॉक्टरांचा शब्द मिळाला असता आणि मी तुमच्या बाजूनं भांडले असते, जन्मभर. पण तुम्ही रेकॉर्डवाले. कागद फाडणं तुमच्या हातून झालं नाही.

म्हणजे वीस-वीस मिनिटं तुम्ही जिन्याखालच्या कॅन्टीनमध्ये बसायचात. चहा घ्यायचात. आणि परत येताना एक वाक्य तयार करायचात. "लग्न करून टाका तिचं," हे तुम्ही तयार केलंत, नाना. माझ्यासाठी. बसून, विचार करून, चहा पीत. "पोट मी उघडलंय, त्यांनी फाईल उघडावी," हेही तुमचंच. छान वाक्य आहे. लहानपणापासून मी तुमची वाक्यं पाठ करत आले, तसं हेही केलं. आणि त्या वाक्यांच्या भरवशावर एका माणसाला मी बेपर्वा ठरवलं. तो शब्दसुद्धा माझा नव्हता.

आपला एक वाद कधी मिटला नाही. मी म्हणायचे, पत्रक हवं, लोकांच्या हातात पडतं. तुम्ही म्हणायचात, "पत्रक वाऱ्यावर जातं. फाईल टिकते." टिकते, नाना, खरंय. कारण नसलेलीही टिकते. रेलीबाईच्या दोन फायली तशाच टिकल्या, एक पोटाची आणि एक आतड्याच्या तुकड्याची.

चिठ्ठ्यांच्या तळाशी एक पाकीट होतं, जळगावच्या तपासणी केंद्राचं. दुर्बीण आत घालून घेतलेल्या तुकड्याचा रिपोर्ट. तपासणीची तारीख भाचीच्या लग्नाची. जठराच्या खालच्या तोंडाचा कर्करोग. म्हणजे तुम्हाला दोन महिने आधी माहीत होतं. आपल्या दवाखान्यात कुणी तुमची फाईल वाचू नये म्हणून तुम्ही जळगावला गेलात, येताना वांगी घेतलीत, आणि ॲडमिट होतानाही डॉक्टरांना सांगितलंत, ॲसिडिटी. स्वतःचं कारणही तुम्ही त्याच ड्रॉवरमध्ये, माझ्या चिठ्ठ्यांखाली ठेवलंत.

हे कळल्यावर राग कमी व्हायला हवा होता, असं लोक म्हणतील. झाला नाही.

परवा काकूंनी लिहायला सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं, "काकू, नाना वर का जायचे नाहीत?" त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "फार वर्षं झाली. दुसरे एक डॉक्टर होते तेव्हा. यांनी अशीच चिठ्ठी नेली, तर त्यांनी भर वॉर्डात फाडून यांच्या तोंडावर टाकली. पेशंट बघत होते. हे तुकडे वेचून घरी घेऊन आले. तेव्हापासून जिना चढले नाहीत." आणि म्हणाल्या, "तुझ्या चिठ्ठ्यांचं सांगायचे मला. पोर बरोबर विचारते म्हणायचे. पन मना पाय नही उचलत."

माझ्या बापाला रस्त्यावर उभं करणारी वाक्यं लिहिणारा माणूस, आणि पाय उचलत नाही. मला सांगितलं असतंत तर? मी त्यावर पत्रक काढलं असतं, म्हणूनच सांगितलं नाहीत का? मी चिठ्ठी घेऊन स्वतः गेले असते. सेहेचाळीस पायऱ्या आहेत, मी मोजल्या. तुम्हाला लाज वाटली असेल. पण तुमच्या लाजेची किंमत रेलीबाईनं तिच्या आतड्यानं चुकवली आणि तिला ते ठाऊकही नाही. गप्प बसणारा हा अर्धा गुन्हेगार असतो. मग गप्प न बसता दुसऱ्याच्या तोंडी वाक्यं घालणारा किती?

आणि मी? तो हिशोबही टाळत नाही. नियम विभागप्रमुखाचा होता, पण जिन्याला कुलूप नव्हतं. मला शत्रू हवा होता आणि तुम्ही तो घडवून देत होतात. मी रोज खिडकीत बसून त्या माणसाची नक्कल ऐकली आणि एकदाही वर जाऊन खरा आवाज ऐकला नाही. पत्रक लिहायला जितका वेळ घातला, तितक्यात दहा वेळा जाऊन आले असते.

आता झालं ते सांगते. मी पाकीट घेऊन पुन्हा वर गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढून डोळे चोळले आणि तुमच्या फाईलवर कारण लिहिलं. मग मी रेलीबाईच्या दोन्ही फायली पुढे ठेवल्या. जुन्या नोंदीवर खाडाखोड करायची नसते. खाली आजची तारीख घालून पुरवणी नोंद करायची, सही करायची. तुम्हीच शिकवलंत. त्यांनी लिहिलं, "टेंभुर्णीचा गोळा." दोन शब्द. घड्याळ बघायचं मी ठरवलं होतं, पण इतक्यात झालं की बघायचं राहून गेलं. आहाराची सूचना त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि म्हणाले, "आरोग्य केंद्राला पत्रही देतो. पानतोडीच्या आधी पाड्यांवर सांगायला हवं."

नवं कार्ड मी रविवारी गाडीनं जाऊन रेलीबाईच्या घरी दिलं. तिनं ते हातात धरलं, उलट की सुलट न बघता. जामसिंगदादानं मला वाचायला लावलं, मग विचारलं, "मंग हाई पहिलेच का बरं लिखं नही?"

"चिठ्ठी वर गेली नव्हती," मी म्हटलं.

"का बरं?"

"मी गेले नाही."

तुमचं नाव घेतलं नाही, नाना. तेवढं तुमच्यासाठी केलं. भाकरीसाठी, वांग्यांसाठी, कोंडवाड्यातल्या प्रत्येक जनावराचा धनी शोधायला शिकवलंत त्यासाठी. पुढच्या आठवड्यात पारोळ्याच्या छापखान्यात नवं पत्रक जाईल. "दुसरा मजला कधी बोलणार?" हे मी मागे घेतेय, माझ्या नावानिशी. बाप म्हणाला, आपण कधी पत्रक मागे घेतलेलं नाही. मी म्हटलं, मग सुरुवात करू. त्याला अजून मी सगळं सांगितलेलं नाही. हे वाचून त्याला कळेल.

तुमची फाईल मी नीट केली. सी सोळा पूर्णांक चार, जठराच्या खालच्या तोंडाचा कर्करोग. कोंडवाड्यात तुम्हाला बांधलं नाही. आपल्या खोलीतून रेलीबाईला वेळेवर न मिळालेलं एक वाक्य तुम्हाला मिळालं, आजार कशामुळे झाला त्याचं. ते वर नेणारे पाय माझे होते. तुमची खुर्ची आता मला देऊ केलीय. घेईन की नाही, ठाऊक नाही. घेतली तर तो ट्रे काढून टाकेन.

आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे एक काम आहे. पिशवीतलं ते कार्ड आज बाहेर काढा. जिथे आजाराचं निदान लिहिलंय ती ओळ वाचा. आजाराचं नाव असेल आणि कशामुळे ते नसेल, तर ज्यांनी सही केलीय त्यांच्यापर्यंत जा आणि लिहून मागा. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वाचता येत नसेल तर त्याचंही वाचा. कुणी खिडकीतून म्हणेल, द्या, मी विचारून येतो. त्याचा हेतू चांगलाही असेल. तरीही कार्ड त्याच्या हातात देऊ नका. जिना स्वतः चढा.